मुलाचे चुकीचे उत्तर आणि शिक्षकाचा प्रश्न

इयत्ता पहिलीच्या वर्गात गुरुजींनी टेबलावर काचेचे दोन सारखे पेले ठेवले आहेत, अशी कल्पना करावी. दोहोंत सारखेच पाणी आहे. समोर उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलाला ते विचारतात, "दोन्हींत पाणी सारखे आहे ना?" मूल होकार देते. नंतर गुरुजी एका पेल्यातील पाणी उंच, निमुळत्या बाटलीत ओततात आणि पुन्हा विचारतात, "आता दोन्हींत पाणी सारखेच आहे, की एकात जास्त आहे?" बाटलीत पाण्याची पातळी चांगलीच वर चढलेली असते. मूल क्षणभर बाटलीकडे पाहते, क्षणभर गुरुजींच्या मुद्रेकडे पाहते आणि म्हणते, "हिच्यात जास्त झालं, गुरुजी."

उत्तर चुकीचे आहे हे उघड आहे. परंतु चूक कशाची? मुलाच्या बुद्धीची, त्याच्या वयाची, त्याच्या अनुभवाची, की विचारलेल्या प्रश्नाची? या एका प्रश्नाचा शोध जगातील अनेक संशोधकांनी गेल्या शतकात घेतला. त्या संशोधनाचा खेड्यातील प्राथमिक शिक्षकाच्या दैनंदिन कामाशी फार जवळचा संबंध आहे. कारण मुलाच्या अशाच दोनचार उत्तरांवरून त्याच्या नावापुढे 'कच्चा' असा शेरा पडतो, आणि तो शेरा पुष्कळदा चौथीपर्यंत त्याची पाठ सोडत नाही.

प्रयोगाचा उगम

वरील प्रयोग स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६–१९८०) यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. तरुणपणी पॅरिस येथे मुलांच्या बुद्धिमापनाच्या कसोट्यांवर काम करीत असताना त्यांचे लक्ष एका गोष्टीने वेधून घेतले. बरोबर उत्तरांची संख्या मोजणे हे त्यांचे नेमून दिलेले काम होते. परंतु त्यांना चुकीची उत्तरे अधिक उद्बोधक वाटू लागली. एकाच वयाची मुले एकाच प्रकारे चुकतात, म्हणजेच त्या चुकीच्या मागे काही एक विचारसरणी असली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. चुकीचे उत्तर हे केवळ ज्ञानाचा अभाव नसून मुलाच्या विचाराची ती खूण असते, हा त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया होय.

इ. स. १९४१ मध्ये पियाजे यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेले दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. एक अलिना झेमिन्स्का यांच्यासमवेत मुलांच्या संख्याविषयक कल्पनांवर, आणि दुसरा बार्बेल इन्हेल्डर यांच्यासमवेत राशींच्या कल्पनांच्या विकासावर. पदार्थाचा आकार बदलला, तो एका भांड्यातून दुसऱ्यात गेला, त्याचे तुकडे झाले, तरी त्याची राशी तेवढीच राहते, ही जाणीव म्हणजे राशीची अक्षय्यता. ही जाणीव मुलांत एकदम येत नाही. त्यांच्या निरीक्षणाप्रमाणे मातीच्या गोळ्याची पोळी केली तरी माती तेवढीच राहते, हे मुलांना साधारणतः सातआठ वर्षांच्या सुमारास पटते. तिचे वजनही तेवढेच राहते, हे नऊदहाच्या सुमारास. आणि पाण्यात बुडविल्यावर ती जागाही तेवढीच व्यापते, हे अकराबाराच्या सुमारास. गोळा तोच, परंतु त्याच्याविषयीची तीन सत्ये मुलाला तीन निरनिराळ्या वेळी उमगतात.

पदार्थविज्ञानाचा उंबरठा

मोठ्या माणसाला ही गोष्ट इतकी साधी वाटते की ती शिकावी लागते, हेच मुळी ध्यानात येत नाही. वास्तविक पदार्थविज्ञानाचा सर्व डोलारा हिच्यावर उभा आहे. बाटलीच्या पोकळीचा छेद पेल्याच्या छेदाच्या निम्मा असेल, तर तेवढेच पाणी बाटलीत दुप्पट उंचीवर चढेल. येथे उंची वाढली आणि रुंदी घटली, अशा दोन गोष्टींचा विचार एकाच वेळी करावयाचा असतो. लहान मुलाचे लक्ष डोळ्यांत भरणाऱ्या एकाच गोष्टीवर, म्हणजे उंचीवर खिळते. शिवाय बाटलीतील पाणी मनातल्या मनात पुन्हा पेल्यात ओतून पाहण्याची शक्ती त्याला अजून यावयाची असते.

मानवजातीलाही हा धडा शिकण्यास वेळ लागला. लाकूड जळून मूठभर राख उरते, तेव्हा उरलेले द्रव्य नाहीसे झाले असे डोळ्यांना दिसते. बंद पात्रात ज्वलन घडवून व काटेकोर वजने करून द्रव्याच्या अक्षय्यतेचे तत्त्व रसायनशास्त्राच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ लॅव्हाझिए याला दिले जाते; त्याचा प्रख्यात ग्रंथ इ. स. १७८९ चा आहे. जे सत्य विद्वानांनाही तराजूवाचून उमगले नाही, ते सहा वर्षांच्या मुलाला नुसते पाहून उमगावे, अशी अपेक्षा कोणी धरू नये.

ओतणारा हात कोणाचा?

पियाजे यांची निरीक्षणे प्रामुख्याने युरोपातील मुलांवरील होती. अमेरिकेतील संशोधिका पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांनी पश्चिम आफ्रिकेतील सेनेगाल देशात वोलोफ समाजाच्या मुलांमध्ये हाच पाण्याचा प्रयोग केला. त्यांचे निष्कर्ष इ. स. १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी तीन गट घेतले: खेड्यातील शाळेत न जाणारी मुले, त्याच खेड्यातील शाळेत जाणारी मुले आणि डाकार या राजधानीतील शाळेत जाणारी मुले. शाळेत जाणारी बहुतेक सर्व मुले अकरा ते तेरा वर्षांच्या वयापर्यंत बरोबर उत्तर देऊ लागली होती; शाळेत न जाणाऱ्यांपैकी त्या वयाची सुमारे निम्मीच मुले तसे उत्तर देऊ शकली. खेड्यातील व शहरातील शाळकरी मुलांत मात्र विशेष अंतर आढळले नाही. खेड्यातील शाळेचे मोल यावरून कळून येते.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. "असे तुला का वाटते?" हा प्रश्न शाळेत न गेलेल्या मुलांना विचारला की ती गप्प राहत. "असे का आहे?" असा तोच प्रश्न सरळ वस्तूविषयी विचारला, की पुष्कळदा उत्तर सहज मिळे. आपल्या मनातील विचाराविषयी कोणी प्रश्न विचारतो, ही रीतच त्या मुलांना अपरिचित होती. त्यांच्या मौनाचा अर्थ अज्ञान असा लावणे चुकीचे ठरले असते.

दुसरे असे की, "पाणी जास्त का झाले?" याचे उत्तर काही मुलांनी "तुम्ही ओतले म्हणून" असे दिले. परकीय, अधिकारी वाटणारी व्यक्ती पाणी ओतते, तेव्हा तिच्या हाताने पाणी वाढूही शकेल, असा मुलांचा समज दिसला. तेव्हा ग्रीनफील्ड यांनी पात्रे मुलांच्याच हाती दिली व पाणी त्यांनाच ओतावयास सांगितले. बरोबर उत्तरांचे प्रमाण त्यासरशी पुष्कळच वाढले. स्वतःच्या हाताने ओतलेले पाणी वाढत नाही, हे मुलाला ठाऊक होते.

खट्याळ अस्वलाचा प्रयोग

इ. स. १९७४ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जेम्स मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनी चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांवर एक प्रयोग केला. सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडावयाच्या, नंतर एका रांगेतील सोंगट्या सरकवून तिची लांबी बदलावयाची आणि दोन्हींत सोंगट्या सारख्याच आहेत काय, असे विचारावयाचे, ही मूळ रीत होती. या रीतीने ८० पैकी १३ मुलांनी बरोबर उत्तर दिले. दुसऱ्या रीतीत सोंगट्या प्रयोगकर्त्याने हलविल्या नाहीत. एक खट्याळ बाहुले, लहानसे अस्वल, खोक्यातून बाहेर येई आणि खेळात धुडगूस घालून रांग विस्कटून टाकी. या रीतीने ८० पैकी ५० मुलांनी बरोबर उत्तर दिले.

मोठे माणूस जाणूनबुजून काही बदल करते आणि लगेच प्रश्न विचारते, तेव्हा मूल प्रश्नातील शब्दांबरोबर त्या माणसाचा हेतूही वाचते. "यांनी मुद्दाम बदल केला आहे, त्याअर्थी उत्तरही बदलले पाहिजे," असा त्याचा तर्क असतो. त्याच वर्षी सुसान रोझ व मॅरियन ब्लँक यांनी आणखी एक साधी गोष्ट निदर्शनास आणली. बदलापूर्वी व बदलानंतर असा दोनदा प्रश्न विचारण्याऐवजी तो बदलानंतर एकदाच विचारला, तर सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी होतात. कोणत्याही वर्गात हे दिसून येते. गुरुजींनी तोच प्रश्न पुन्हा विचारला की पहिले उत्तर चुकले असावे, असे समजून मूल ते बदलते.

तथापि या संशोधनाचा दुसरा भागही ध्यानी घेणे अवश्य आहे. इ. स. १९८६ मध्ये ख्रिस मूर व डग्लस फ्राय यांनी असे दाखविले की, खट्याळ बाहुल्याने रांगेतील सोंगट्यांची संख्याच खरोखर बदलली, तरीही पुष्कळ मुले "सारख्याच आहेत" असे म्हणतात. बाहुल्याच्या खेळात रमल्यामुळे बदलाकडे त्यांचे लक्षच गेलेले नसते. म्हणजे चुकीचे उत्तर हा जसा मंदत्वाचा पुरावा नव्हे, तसे बरोबर उत्तर हाही समजुतीचा पुरावा नव्हे. उत्तरामागील कारण ऐकल्यावाचून दोहोंपैकी कशाचाही निर्णय करता येत नाही.

कुंभाराची मुले

इ. स. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला, मेक्सिको देशातील एक अभ्यास येथे मुद्दाम नमूद करण्याजोगा आहे. प्राइस-विल्यम्स, गॉर्डन व रामिरेझ या संशोधकांनी सहा ते नऊ वर्षांची, कुंभारकाम करणाऱ्या घरांतील मुले व त्याच ठिकाणची इतर घरांतील मुले यांची तुलना केली. मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे कुंभारांच्या मुलांना अधिक चांगले कळत होते. जी मुले घरी माती तुडवितात, मळतात, तिचे गोळे करतात व ते मोडून पुन्हा करतात, त्यांना हे सत्य हाताने कळलेले असते. इतर प्रकारच्या राशींबाबत मात्र हे अंतर सर्वत्र सारखे स्पष्ट नव्हते. हातांनी मिळविलेले ज्ञान एका पदार्थावरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही. तेथपर्यंत पूल बांधण्याचे काम शाळेचे होय.

महाराष्ट्रात हा विचार निराळ्या वाटेने पूर्वीच आचरणात आला होता. ताराबाई मोडक यांनी इ. स. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. इ. स. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. तेथे गोटे, शिंपले, बिया, पाने हीच शिक्षणाची साधने झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर गेली. मुलाच्या घरचे व रानातले जे आहे, ते उणीव नसून भांडवल आहे, ही दृष्टी त्यामागे होती.

यातून घ्यावयाचा बोध

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम इ. स. २००९ मध्ये संमत झाला व इ. स. २०१० पासून अमलात आला. सहा वर्षांवरील जे मूल शाळेत कधी आले नाही, त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा, अशी तरतूद त्यात आहे. त्यामुळे ऊसतोडीच्या फडावरून आलेले, मेंढरांमागे फिरलेले, वीटभट्टीवर राहिलेले मूल एखाद्या दिवशी थेट तिसरीच्या वर्गात येऊन बसते. त्याच्या शेजारी दररोज घरी गोष्टी ऐकणारे, प्रश्नोत्तरांना सरावलेले मूल बसलेले असते. गुरुजी प्रश्न विचारतात. पहिले गप्प राहते, दुसरे उत्तर देते. बुद्धीतील अंतर म्हणून जे नोंदले जाते, ते पुष्कळदा प्रश्नाच्या सवयीतील अंतर असते. याच मुलाला भट्टीवर किती विटांची थप्पी झाली, किंवा सांजच्या धारेचे दूध घागरीतून किटलीत ओतल्यावर वाढले काय, असे विचारले, तर ते कदाचित हसेल. इतके सोपे का विचारता, असेही म्हणेल.

शासनाने शाळेचे दार सर्वांना उघडून दिले. परंतु दाराआत समान संधी मिळते की नाही, हे शिक्षकाच्या प्रश्नावर अवलंबून असते. म्हणून शेरा लिहिण्यापूर्वी प्रश्न बदलून पाहावा, हा या सर्व संशोधनाचा सारांश होय.

वर्गात करून पाहावयाचा पाठ

इयत्ता दुसरी व तिसरीसाठी हा पाठ दोन तासिकांचा आहे. साहित्य: दोन सारखे पेले, एक निमुळती बाटली, एक पसरट वाटी, एक परात, तांब्याभर पाणी, भिजवून मळलेली माती आणि मूठभर चिंचोके. पाण्याची टंचाई असेल तेथे सर्व प्रयोग परातीत करावेत, म्हणजे सांडलेले पाणी परत वापरता येते. शेवटी ते शाळेच्या आवारातील झाडास घालावे.

१. प्रथम दहा मिनिटे मुलांना काहीही न विचारता पाणी ओतू द्यावे. या भांड्यातून त्या भांड्यात आणि परत पहिल्यात, असे प्रत्येकाने निदान दोनदा करावे. परत ओतणे हाच या पाठाचा गाभा आहे.

२. ओतण्यास काही निमित्त असावे. "या पेल्याची कड तुटली आहे, ओठाला लागेल; पाणी बाटलीत काढून ठेव," असे सांगितले की मुलाला बदलाचे कारण कळते आणि गुरुजींच्या मनात काय आहे, हे शोधण्याचे त्याचे ओझे उतरते.

३. प्रश्न एकदाच आणि मुलांच्या बोलीत विचारावा. "दोघा भावंडांना हे पाणी दिलं, तर कुणाला जास्त मिळालं?" हा प्रश्न "कोणत्या पात्रातील जलाचे आकारमान अधिक आहे?" यापेक्षा सहस्रपटीने बरा.

४. उत्तर बरोबर असो वा चूक, मुद्रेवर पसंती अथवा नापसंती दिसू देऊ नये. "बरं, ते कसं काय?" एवढेच म्हणावे व थांबावे. मूल गप्प राहिल्यास "करून दाखव" असे सांगावे. ज्याला शब्द सापडत नाहीत त्याला हात सापडतात.

५. दोन मुलांची उत्तरे भिन्न असतील तर त्यांना एकमेकांस पटवून देण्यास सांगावे. निर्णय गुरुजींनी देऊ नये. पाणी परत पेल्यात ओतून पाण्यालाच निर्णय देऊ द्यावा.

६. नंतर तोच विचार मातीच्या गोळ्यावर व चिंचोक्यांच्या रांगांवर करून घ्यावा. चुकते ते मूल कोठे चुकते, पाण्यात, मातीत की मोजणीत, हे वहीत टिपून ठेवावे. 'कच्चा' या शब्दाऐवजी अशी नोंद केली, तर पुढच्या वर्गाच्या शिक्षकास तिचा उपयोग होतो.

पाचवीपासून पुढील मुलांसाठी हाच पाठ तराजूवर न्यावा. ग्लासभर पाणी व चमचाभर मीठ वेगवेगळे तोलावे. मीठ विरघळल्यावर पुन्हा तोलावे. मीठ दिसेनासे झाले, परंतु वजन गेले नाही, हे पाहून मुलांना नवल वाटते. येथे शिक्षकांनी एक दक्षता घ्यावी. पाणी गोठून बर्फ झाले तर वजन तेवढेच राहते, परंतु त्याने व्यापलेली जागा सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. म्हणून 'सर्व काही तेवढेच राहते' असा ढोबळ नियम सांगू नये. काय राहते आणि काय बदलते, हे प्रत्येक वेळी तोलून व मापून पाहावे.

काही दक्षता

पियाजे यांनी दिलेली वये ही वेळापत्रकाप्रमाणे पाळावयाची नाहीत. एखादे मूल लवकर समजेल, एखादे उशिरा; पायऱ्यांचा क्रम उपयोगी आहे, वर्षांची संख्या गौण आहे. तसेच मुलांकडून 'पाणी तेवढेच राहते' हे वाक्य पाठ करून घेऊ नये. पाठ केलेले उत्तर तपासणीच्या दिवशी चांगले दिसेल, परंतु पेल्याऐवजी घागर आली की ते ढासळेल.

मननासाठी प्रश्न

केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत पुढील प्रश्नांवर विचारविनिमय व्हावा. वर्गातील जे मूल सर्वांत कमी बोलते, त्याच्या घरचा व्यवसाय कोणता, आणि त्या व्यवसायातील मोजमापे, वजने व हिशेब त्याला कितपत येतात? गेल्या आठवड्यात कोणता प्रश्न दोनदा विचारल्यामुळे एखाद्या मुलाने आपले बरोबर उत्तर बदलले? कोणत्या मुलाविषयीचा शेरा एकाच प्रश्नाच्या उत्तरावर आधारलेला आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या शिक्षकाला प्रामाणिकपणे सापडेल, त्याने दुसऱ्या दिवशी त्या मुलाला जवळ बोलवावे, तांब्या व पेले त्याच्या हाती द्यावेत आणि त्यालाच ओतू द्यावे.